फलकनुमाची मागची बाजू

हैदराबादचा फलकनुमा पाहून आलेलं आपल्याकडचं माणूस एका दमात सांगतं: इटलीचा संगमरवर, झुंबरं, एकशे एक माणसांचं जेवणाचं टेबल. मला या वर्णनाचाच राग येतो. एवढा वाडा, आणि सगळे दिवाणखान्यातूनच माघारी फिरतात!

हा वाडा पायगा घराण्यातल्या नवाब विकार-उल-उमरांनी बांधला. पाया १८८४ सालचा. बीदरहून रेल्वेने हैदराबादला जाताना विकाराबाद लागतं ना, ते त्यांच्याच नावाचं. टेकडीचं नाव कोह-ए-तूर. कोह म्हणजे डोंगर. आपल्या कोहिनूरच्या नावातही तोच शब्द ऐकू येतो.

आराखडा विंचवाच्या आकाराचा. उत्तरेला दोन पंख पसरलेले, मधे मुख्य इमारत आणि मुदपाकखाना, मागे दक्षिणेकडे गोल बंगला आणि जनाना. आखणारा विल्यम वॉर्ड मॅरेट हा साहेब. पुढचे खांब युरोपी, ग्रंथालयाचं लाकडी छत विंडसरच्या राजवाड्यासारखं. म्हणजे दर्शनी बाजू साहेबाशी त्याच्याच भाषेत बोलते. पण संसार? तो मागे. आपल्या वाड्यांत ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचं. इथेही तेच, फक्त संगमरवरात. माझ्या मते हा वाडा वाचायचा तो मागून.

त्या टेबलाचं कौतुक तर मला पटतच नाही. आपल्या पंगतीत वाढणारी समोरून फिरते, आग्रह करते, कुणाचं ताट रिकामं ते तिला दिसतं. इथे या टोकाचा पाहुणा त्या टोकाच्याला ओळखणारसुद्धा नाही. (आणि आम्ही दिवेलागणीआधी जेवणारी माणसं, झुंबरांखालच्या मेजवानीचं अप्रूप जरा कमीच!)

एवढं करून मालकाला वाडा लाभला का? थोड्याच वर्षांत तो निजाम महबूब अली खानांकडे गेला. त्यात ओतलेला पैसा जहागिरीचा, म्हणजे शेतसाऱ्याचा. पायगांची गावं बीदर-गुलबर्ग्याकडेही होती. तेव्हा त्या झुंबरांत थोडी आपल्याकडची ज्वारीही आहे, हे कुणी सांगत नाही.

२०१० पासून तिथे हॉटेल आहे. तुमच्यापैकी कुणी गेलंच, तर टेबलाच्या खुर्च्या मोजत बसू नका. मुदपाकखान्यापासून त्या टेबलापर्यंत किती पावलं पडतात तेवढी मोजून या, आणि पोळी तिथवर गरम राहिली असेल का, ते मला सांगा.