घुमटाएवढा चंद्र

पौर्णिमा आली की विजापूरच्या गोलघुमटाचा एक फोटो मोबाईलवर हमखास येतो. घुमटाएवढा चंद्र, घुमटाला अगदी टेकलेला. खोटाच आहे, असं लगेच म्हणू नका, मैत्रिणींनो. आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो आणि घुमट आहे सुमारे ४४ मीटरचा. पाचेक किलोमीटर मागं सरकलं की दोन्ही सारखेच दिसतात. मग लांबची लेन्स लावायची. पण कमान, भिंत, माणसं अगदी जवळून आलीत आणि वर घुमटाएवढा चंद्र? तो चिकटवलेलाच समजा.

मला खटकतं ते वेगळंच. पाच किलोमीटरवर, काळ्या रानात, अंधार पडताना तिपाई रोवून एकटीनं उभं राहणं किती जणींना जमतं? म्हणून आपण रस्त्यावरनंच काढतो, चंद्र हरभऱ्याएवढा येतो आणि आपण तो फोटो पुसून टाकतो. का पुसायचा? ॲन्सेल ॲडम्सनं १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला, त्यात चंद्र एवढासाच आहे. वर काळंभोर आकाश, खाली चर्च आणि कबरींवरचे पांढरे क्रूस. चंद्र मोठा असता तर ते क्रूस कुणी पाहिले असते?

फक्त पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जा. चंद्र सूर्यास्ताआधीच उगवतो, भिंतींवर उजेड असतो. रात्री भिंतीसाठी कॅमेरा लावला तर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका होतो.