चेंडूवरची नाके

व्यंगचित्र पुस्तकावरून शिकता येते काय? अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराचे १९३९ सालचे ‘फन विथ अ पेन्सिल’ मी वर्षभर गिरवले. आधी चेंडू काढायचा, त्यावर मध्यरेषा आणि भुवयांची रेषा आखायची, मग नाकागालांचे गोळे चिकटवायचे. की झाला चेहरा! सरळ रेघही न येणाऱ्या माझ्यासारख्याची भीड हे पुस्तक मोडते, हे त्याचे खरे यश. पण हा चेहरा बोलणार काय? तिथे लूमिससाहेब गप्प. शि. द. फडणिसांनी तर चित्रातून शब्दच हद्दपार केले. तरी हसू येते, कारण गंमत कल्पनेत असते. ती कुठल्या चेंडूतून काढावी?

माझे मामांचे चित्र पाहून मामी म्हणाली, “नाक यांचंच रे, पण हे कुरकुरत कसे नाहीत?”

हल्ली पुस्तक मिटून मी मामांसमोरच बसतो. ते कुरकुरतात.