‘चौथी महिला ग्रँडमास्टर’ : एका पदबंधाची चिकित्सा

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात तिची गाठ कोनेरू हम्पी हिच्याशी होती. दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दीड विरुद्ध अर्धा अशा गुणांनी निकाल लागला. मानांकनात पंधराव्या स्थानी असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने झू जिनर, द्रोणवल्ली हरिका व तान झोंगयी ह्यांना मागे सारून ही मजल गाठली होती. ह्या विजयाबरोबरच तिला एक किताबही मिळाला. त्या किताबाचा उल्लेख मराठी क्रीडावृत्तांतून ज्या शब्दांनी झाला, ते शब्द येथे विचारासाठी घेतले आहेत : ‘भारताची चौथी महिला ग्रँडमास्टर’.

वरवर पाहता ह्या पदबंधात काहीच वावगे नाही. परंतु त्याची फोड दोन प्रकारे होते. ‘महिला’ हे पद ‘ग्रँडमास्टर’शी जोडले, तर ‘महिला ग्रँडमास्टर’ असे एका किताबाचे नाव तयार होते आणि ‘चौथी’ हे त्या संपूर्ण नावाचे विशेषण ठरते. ‘महिला’ हे पद वेगळे मानले, तर ‘ग्रँडमास्टर असलेल्या महिलांपैकी चौथी’ असा अर्थ निघतो. व्याकरणाच्या पुस्तकात अशी उदाहरणे गमतीची म्हणून दिली जातात. येथे मात्र दोन्ही फोडींना प्रत्यक्षात दोन स्वतंत्र वस्तू आहेत, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

‘महिला ग्रँडमास्टर’ हा जागतिक बुद्धिबळ महासंघाचा केवळ स्त्रियांसाठी असलेला किताब असून तो १९७६ पासून दिला जातो. त्यासाठी लागणारे गुणांकन २३०० आहे. नुसता ‘ग्रँडमास्टर’ हा किताब स्त्रीपुरुष दोघांसाठी एकच असून त्याला २५०० गुणांकन व ‘नॉर्म’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामगिऱ्या लागतात. तो मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे १९७८ साली जॉर्जियाचीच नोना गाप्रिंदाश्विली. दिव्याने ‘महिला ग्रँडमास्टर’ हा किताब २०२१ मध्येच मिळवला होता, आणि भारतात त्या किताबाच्या मानकऱ्यांची संख्या वीसच्या पुढे आहे. तेव्हा पहिल्या फोडीने हे विधान सरळसरळ खोटे ठरते. २०२५ मध्ये तिला मिळाला तो मोठा किताब. एकही नॉर्म हाती नसताना, विश्वचषकाच्या विजेतीस तो थेट देण्याचा नियम असल्यामुळे, तो तिच्याकडे आला. हम्पी, हरिका व वैशाली ह्यांच्यानंतर हा मान मिळवणारी ती चौथी भारतीय स्त्री, आणि स्त्रीपुरुष धरून देशाची ८८ वी ग्रँडमास्टर होय. म्हणजे जो पदबंध तिचा गौरव करण्यासाठी योजला, तोच नकळत तिला चार वर्षांपूर्वीच्या पायरीवर नेऊन बसवतो.

हा दोष कोठून आला, हे सांगणे कठीण नाही. इंग्रजीतून आलेल्या बातमीतील शब्दक्रम जसाच्या तसा उतरला आहे. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, म्हणून तेथे ‘स्त्री’ असे निराळे सांगावे लागते. मराठीत ‘दिव्या ग्रँडमास्टर झाली’ एवढ्या वाक्यातच ते सांगून होते. ‘महिला’ ह्या शब्दाची मराठीला गरज पडते ती केवळ गणनेचा गट दाखवण्यासाठी, आणि त्या वेळी तो गणनेच्या शब्दाला लगटून हवा : ‘ग्रँडमास्टर झालेली चौथी महिला’. मथळ्यात जागा नसते, ही सबब येथे फारशी टिकत नाही. वाढतो तो एकच शब्द.

क्रीडावृत्तातील विशेषणे शोभेची असतात असा एक समज आहे, आणि ‘झंझावाती’, ‘धडाकेबाज’ ह्यांसारख्या विशेषणांपुरता तो खराही आहे. पण पराक्रमाची नोंद करणाऱ्या वाक्यातील विशेषणे हिशेब ठेवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवलेले कांस्यपदक ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ असे सांगितले जाते. ह्यातील ‘वैयक्तिक’ गाळले, तर हॉकी संघाचे १९४८ चे सुवर्णपदक पुसले जाते. ‘स्वतंत्र’ गाळले, तर १९०० साली पॅरिसला दोन रौप्यपदके मिळवणाऱ्या नॉर्मन प्रिचर्ड ह्यांचा प्रश्न उभा राहतो. एवढे लांबलचक असूनही हे वाक्य अचूक आहे, आणि त्याची लांबी कोणालाही खुपलेली नाही.

याउलट उदाहरण मुरलीकांत पेटकर ह्यांचे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या ह्या सैनिकाने १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली पोहण्याचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत जिंकले. २००८ साली अभिनव बिंद्राने नेमबाजीत सुवर्ण मिळवले, तेव्हा ‘भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण’ असे ज्यांनी ‘ऑलिंपिक’ हा शब्द न घालता लिहिले, त्यांनी पेटकरांना गणनेतून वगळले. तसा हेतू कोणाचाच नसणार. पण वगळले गेले खरे. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली.

बोलीचा दाखला येथे उपयोगी पडतो. नागपुरातील सदर ही मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी एकाच रस्त्यावर ऐकू येणारी वस्ती. (वर्तमानपत्रातील ठरीव जागेला मराठीत ‘सदर’च म्हणतात, मूळ अरबी शब्दाचा अर्थ छाती, पुढचा भाग. खेळाचे सदर मात्र बहुधा पाठीमागच्या पानावर असते.) अशा वस्तीतील बोलणारा ‘पोरगी मस्त खेळून राहिली’ असे म्हणेल. ‘-ऊन राहणे’ ह्या रूपावर हिंदीची छाया आहे म्हणून शुद्धतावादी त्याला नाके मुरडतात. पण हे रूप खेळ चालू असताना खेळाकडे पाहते, आणि खेळणारीला कोणत्याही गटात घालत नाही. छापील मराठी ‘झेंडा रोवला’, ‘धूळ चारली’ ह्या रणभाषेकडे वळते, तेव्हा जलद डावातील दुसऱ्या लढतीत काळी मोहरी घेऊन दिव्याने काय केले, हे वाचकाला कळत नाही. प्यादी, वजीर, शह, मात असा स्वतःचा जुना शब्दसंग्रह जिच्यापाशी आहे, सांगलीच्या भाऊसाहेब पडसलगीकरांनी जिच्या प्रदेशात बुद्धिबळाची परंपरा रुजवली, जिच्या रोहिणी खाडिलकरांनी १९८१ साली आशियाई विजेतेपद मिळवले, त्या भाषेला डावाचे वर्णन परके असण्याचे कारण नाही. ते वर्णन कमी पडले म्हणूनच विशेषणांवर भार पडला, आणि तो भार ‘महिला’ ह्या एका शब्दाला चुकीच्या जागी पेलावा लागला.