योगाभ्यास, सजगता आणि विद्यार्थ्यांचे सामाजिक संबंध : एक चिकित्सा

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला. २०१५ पासून महाविद्यालयांत तो साजरा होऊ लागला. नव्याने योगाभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची सजगता वाढते व परिणामी त्याचे सामाजिक संबंध सुधारतात, असे गृहीतक या संदर्भात मांडले जाते. सातारा व सांगली परिसराच्या संदर्भात त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेचा विचार

सजगतेची आजची मानसशास्त्रीय संकल्पना बौद्ध परंपरेतील ‘सती’ या पाली संज्ञेशी जोडली जाते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तिचा उपचारासाठी वापर सुरू केला. मराठी मनाला मात्र ‘सावधान’ हा शब्द अधिक जवळचा आहे. विवाहमंडपात तो शब्द ऐकताच समर्थ रामदास निघून गेले, अशी कथा परंपरा सांगते. ही सावधानता त्यांना एका नात्यापासून दूर नेते आणि पुढे लोकसंघटनेकडे वळवते. सजगता वाढली की संबंध वाढतात, हे समीकरण इतके सरळ नाही, हेच यातून सूचित होते.

मापनाची मर्यादा

या विषयावरील अभ्यासांत ब्राऊन व रायन यांची २००३ मधील १५ विधानांची सजगता मापनश्रेणी वापरली जाते. तिची सर्व विधाने अनवधानाविषयी आहेत. समोरच्याचे बोलणे अर्धवट ऐकणे आणि नुकतेच कळलेले नाव विसरणे ही त्यांपैकी दोन होत. ही दोन्ही विधाने मुळातच परस्परसंबंधांची आहेत. त्यामुळे या श्रेणीचा सामाजिक संबंधांच्या श्रेणीशी सहसंबंध आढळला, तर त्याचा काही अंश मापनसाधनातूनच आलेला असू शकतो. शिवाय सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. योगवर्गाला स्वेच्छेने येणारा विद्यार्थी मुळातच वेगळा असू शकतो. दररोज पहाटे एकत्र जमण्यानेही मैत्री वाढते, मग ते जमणे योगासाठी असो वा कबड्डीसाठी.

स्थानिक संदर्भ

औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. १९३८ मध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. परंतु समाजसंबंध बदलण्याचे काम त्यांनी केवळ नमस्कारांवर सोडले नाही. १९३९ च्या राज्यघटनेने ग्रामपंचायतींना अधिकार दिले. त्याच वर्षी आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. कैद्यांवर विश्वास टाकणे हाच तिचा पाया होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात विविध जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. तेथे संबंध बदलले ते सहजीवनाच्या व्यवस्थेमुळे.

योगदर्शनही याला पूरक आहे. अष्टांगांत आसनाच्या आधी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे यम येतात. ते प्रामुख्याने इतरांशी वागण्याचे नियम आहेत. यम वगळून शिकविलेल्या आसनांकडून सामाजिक फलाची अपेक्षा करणे कितपत रास्त आहे, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष

योगाभ्यास निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. मात्र त्याचे सामाजिक फल सिद्ध करण्यासाठी प्रश्नावली पुरेशी नाही. एकत्र व्यायाम करणारा, परंतु योग न करणारा तुलनागट हवा आणि सत्र संपल्यानंतरचा पाठपुरावाही हवा. डबा कोण कोणाबरोबर खातो, वर्गात मुली बोलू शकतात का, एसटीने ये-जा करणारा विद्यार्थी पहाटेच्या वर्गाला पोहोचू शकतो का, याचे निरीक्षणही आवश्यक आहे. असे निरीक्षण झाले नाही, तर जात, लिंगभाव व अंतर यांनी घडविलेल्या एकाकीपणाचे खापर विद्यार्थ्याच्याच अनवधानावर फुटेल. संशोधकाची सजगता खरी तेथे पणाला लागते.