मुतखडा पडला, पण कशामुळे?

मराठवाड्यात मुतखड्यावर उपाय विचारला की निदान तीन उत्तरं मिळतात. घरातली वडीलधारी माणसं हुलग्याचं कढण सांगतात, शेजारी अनुशापोटी पानफुटीची पानं चावून खायला सांगतात आणि डॉक्टर बऱ्याचदा टॅमसुलोसिनची गोळी लिहून देतात. पहिल्या दोन उपायांचा पुरावा म्हणजे ‘अमक्याचा खडा पडला’ हा अनुभव. तिसऱ्याच्या मागे शोधनिबंध आहेत. आज या तिन्हींचा पुरावा एकाच फूटपट्टीने मोजून बघू.

आधीच सांगतो, कोणतं औषध घ्यावं हे सांगणारी ही पोस्ट नाही. पेट देऊन पीएच.डी.च्या वाटेला लागलेल्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनी उपचारावरचा पेपर कसा वाचावा, यासाठी ती आहे.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. किडनीतून मूत्रवाहिनीत उतरलेले छोटे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. म्हणजे पन्नास जणांना काहीही दिलं, अगदी साखरेची गोळी दिली, तरी त्यातल्या बऱ्याच जणांचा खडा पडणारच. त्यामुळे ‘शंभरातल्या ऐंशींना गुण आला’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. औषध न घेता किती जणांना गुण आला असता, हा आकडा शेजारी हवा. तुलना गट लागतो तो यासाठी.

आता टॅमसुलोसिन घ्या. मुळात हे प्रोस्टेटच्या त्रासावरचं औषध. मूत्रवाहिनीच्या स्नायूंतले अल्फा रिसेप्टर ते अडवतं, स्नायू सैल पडतो आणि खड्याला वाट मिळते, असा त्यामागचा तर्क. तर्क चांगला आहे, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हॉलिंग्सवर्थ आणि सहकाऱ्यांचं मेटा-अॅनालिसिस आलं. त्यात अल्फा ब्लॉकर आणि कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर या दोन्ही गटांतल्या औषधांचे 9 प्रयोग आणि 693 रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांत खडा पडण्याची शक्यता 65 टक्क्यांनी जास्त दिसली. दर चार जणांना औषध दिलं की एकाला जादा फायदा, असा हिशोब निघाला. एवढा फायदा म्हटल्यावर औषध सर्रास दिलं जाऊ लागलं.

इथेच थांबून भागाकार करा. 693 भागिले 9, म्हणजे एका प्रयोगात सरासरी 77 रुग्ण. आणि ते पुन्हा दोन किंवा जास्त गटांत वाटलेले. अशा छोट्या प्रयोगांत नशिबानेही मोठा फरक दिसू शकतो. फरक दिसला तर पेपर छापून येतो, नाही दिसला तर फाइल कपाटात जाते. मग कुणीतरी छापलेलेच पेपर गोळा करतो आणि बेरीज फुगलेली येते. मेटा-अॅनालिसिस हा पुराव्याच्या पिरॅमिडचा कळस, असं आपल्याला कोर्सवर्कमध्ये शिकवतात. पण कळस पायावरच उभा असतो ना!

मोठा प्रयोग झाला ब्रिटनमध्ये, नाव ‘सस्पेंड’. 24 हॉस्पिटलं, 1167 रुग्ण आणि तीन गट: टॅमसुलोसिन, निफेडिपिन, प्लासिबो. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. चार आठवड्यांत आणखी कुठल्या उपचाराची गरज पडली नाही, असे रुग्ण मोजले. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच निकाल आला: टॅमसुलोसिन 81 टक्के, निफेडिपिन 80 टक्के, प्लासिबो 80 टक्के. नऊ वर्षांपूर्वी 65 टक्के जास्त फायदा दाखवणारी औषधं इथे प्लासिबोच्या जवळजवळ बरोबरीला आली.

म्हणजे विषय संपला? नाही. ‘सस्पेंड’लाही तेच प्रश्न विचारायला हवेत. त्यांनी खडा पडला का हे प्रत्येकाचा सीटी स्कॅन काढून पाहिलं नाही, पुढचा उपचार लागला का एवढंच पाहिलं. रुग्णाच्या दृष्टीने हे माप उपयोगाचं आहे, पण ते थोडं ढोबळ आहे. शिवाय बहुतांश खडे छोटे होते. जिथे प्लासिबोवरच 80 टक्के बरे होतात, तिथे औषधाला करून दाखवायला जागाच किती उरते?

2018 मध्ये दोन मोठे निकाल छापून आले. अमेरिकेतल्या 512 रुग्णांच्या प्रयोगात 28 दिवसांत खडा पडण्याचं प्रमाण टॅमसुलोसिनवर साधारण 50 टक्के आणि प्लासिबोवर 47 टक्के होतं, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. चीनमधल्या 30 केंद्रांवरच्या प्रयोगात मात्र 3296 रुग्ण होते आणि मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेले 4 ते 7 मिलिमीटरचेच खडे घेतले होते. तिथे 86 विरुद्ध 79 टक्के असा फरक आला, आणि फायदा दिसला तो 5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांत. सात टक्क्यांचा फरक म्हणजे साधारण चौदा जणांना औषध दिलं की एकाला जादा फायदा. 2006 चा ‘चारात एक’ आठवा.

माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं मूळ प्रश्नात आहे. ‘टॅमसुलोसिन लागू पडतं का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. किती मिलिमीटरचा खडा, कुठे अडकलेला, हे विचारल्यावरच उत्तर हाती येतं.

आता हीच फूटपट्टी आपल्या हुलग्याला लावू. हुलग्यावर माणसांवरचा अभ्यास झालेला आहे. 2010 मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या जर्नलमध्ये हुलगे विरुद्ध पोटॅशियम सायट्रेट अशी तुलना छापून आली. कुणीतरी ही तुलना करून पाहिली, याचं मला कौतुक आहे. पण रुग्ण पन्नासपेक्षा कमी होते आणि ‘काहीच न देणारा’ गट नव्हता. शिवाय पोटॅशियम सायट्रेट लघवीची आम्लता कमी करतं. त्याने युरिक अॅसिडचे खडे विरघळू शकतात, पण आपल्याकडे जास्त आढळणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे तयार खडे विरघळत नाहीत. मग त्याच्यापेक्षा सरस ठरणं म्हणजे नक्की काय सिद्ध करणं? ‘हुलग्याने खडा विरघळतो’ असं यातून म्हणता येत नाही. ‘हुलगे निरुपयोगी आहेत’ असंही म्हणता येत नाही. प्रश्न उघडा आहे, एवढंच.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते आपल्याच प्रयोगशाळांमधल्या कामाबद्दल. वनस्पतीचा अर्क आणि मुतखडा हा एम.एस्सी. प्रोजेक्टचा लाडका विषय आहे. अंड्याच्या कवचाच्या आतल्या पातळ पडद्यात कॅल्शियम ऑक्झलेट भरायचं, ते बफरमध्ये सोडायचं, अर्क घालायचा, 37 अंशांवर ठेवायचं आणि शेवटी पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेशन करून किती ऑक्झलेट उरलं ते मोजायचं. पद्धत स्वस्त आहे, आकडे पटकन मिळतात. पण पोटात गेलेला अर्क आतडं, यकृत, रक्त असा प्रवास करून लघवीत कितीसा उतरतो? परीक्षानळीत घातलेली मात्रा तिथे कधी पोचते का? अशा पेपरांतून हा प्रश्न मला क्वचितच भेटतो.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे तुलनेला ‘स्टँडर्ड’ म्हणून बऱ्याचदा ‘सिस्टोन’ ही गोळी घेतात. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2011 मध्ये तिच्यावरचा अभ्यास छापला. लघवीच्या घटकांत फरक पडला नाही आणि वर्षभरात खडेही कमी झाले नाहीत. अर्थात रुग्ण फक्त दहा होते, त्यामुळे हाही शेवटचा शब्द नव्हे. पण जिचा माणसांवरचा पुरावाच इतका तोकडा, ती गोळी ‘स्टँडर्ड’ कशी?

मग भक्कम पुरावा कशाला आहे? पाण्याला. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या 199 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं आणि पाच वर्षं पाहिलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत 27 टक्क्यांना. 1996 चा हा प्रयोगही फार मोठा नाही, पण तुलना गट आहे आणि पाठपुरावा लांब आहे. दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी व्हावी इतकं पाणी प्यायचं. आता हे मराठवाड्यात आणून बघा. एप्रिल-मेमधला चाळीसच्या वरचा पारा, नळाला कित्येक दिवसांनी येणारं पाणी, उसाच्या फडात किंवा बाजारात दिवसभर काम करणाऱ्या आणि जवळ संडास नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका. पार्मातला निष्कर्ष इथे लागू होईल, पण कसा पाळला जाईल, हा खरा संशोधनाचा विषय आहे. आणि तो अजून पुरेसा कुणी हातात घेतलेला नाही, असं मला वाटतं.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना चार गोष्टी आधी कागदावर मांडा: खडा कोणत्या प्रकारचा, आकार आणि जागा काय, तुलना कशाशी, आणि ‘गुण आला’ म्हणजे नक्की काय मोजणार. परीक्षानळीतलंच काम करायचं असेल तर बफरऐवजी कृत्रिम मूत्र वापरा आणि शरीरात शक्य असलेल्या मात्रेच्या जवळ राहा. माणसांवर काम करायचं असेल तर मेडिकल कॉलेजची साथ, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी हवीच. नोंदणी झाली की नकोसा निकाल कपाटात दडवणं अवघड होतं.

आणि पेपरच्या शीर्षकात ‘मुतखड्यावर गुणकारी’ लिहिण्याआधी ते कोण वाचणार याचा विचार करा. अडकलेल्या खड्यासोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. अशा वेळी परीक्षानळीतल्या आकड्यावर विसंबून कुणी आणखी चार दिवस कढण पीत बसलं, तर किडनीच जाऊ शकते, कधी जीवही.