भयाची प्ररोचना

चित्रपटाच्या ट्रेलरवर टीकालेख लिहावयाचा म्हटल्यास कित्येक वाचकांच्या कपाळी आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. दोन-अडीच मिनिटांची ती जाहिरात. तिकिटे खपविणे एवढाच तिचा हेतू. तिला कलाविचाराच्या पंगतीस बसविण्याचे कारण काय, असे ते विचारतील. त्यावर आमचे उत्तर असे की, आपल्या नाट्यशास्त्राने ह्या प्रकारासाठी फार पूर्वीच पाट मांडून ठेवलेला आहे. नाटकाच्या आरंभी सूत्रधार रंगभूमीवर येतो, कवीची व कृतीची वाखाणणी करतो आणि प्रेक्षकांची उत्सुकता जागी करतो, त्या अंगास शास्त्रकारांनी 'प्ररोचना' हे नाव दिले आहे. ट्रेलर म्हणजे यंत्रयुगातील प्ररोचनाच होय. मौज इतकीच की, आरंभीच्या काळी अमेरिकेत ही चित्रे मुख्य कार्यक्रम आटोपल्यावर दाखवीत, म्हणून त्यांस 'मागून ओढत येणारे' अशा अर्थाचे हे नाव पडले. पुढे ती आधी आली, पण नाव मागचेच राहिले.

सर्वच ट्रेलरांचा विचार येथे कर्तव्य नाही. विनोदी चित्रपटाचा ट्रेलर दोन बरे विनोद सांगून मोकळा होतो, मारामारीच्या चित्रपटाचा दोन स्फोट दाखवून; मूळ कृतीचे त्याने फारसे बिघडत नाही. ज्यास मानसशास्त्रीय थरारपट म्हणतात त्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे सारे भांडवल एका गुपितात असते, आणि ते गुपित बहुधा घटनेचे नसून मनाचे असते. जे पात्र आपणांस शहाणे वाटते ते खरोखर शहाणे आहे काय? जे आपण पाहतो ते घडत आहे, की कोणाच्या विकल मनात उमटत आहे? असे गुपित न फोडता त्याचा बाजार मांडावयाचा कसा, हा ट्रेलरकर्त्यापुढील खरा पेच होय. आमच्या मते तो मोजक्यांनीच सोडविला. बाकीच्यांनी आवाज वाढविला.

आवाज वाढविला, हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील ह्या जातीचे कोणतेही चार ट्रेलर लागोपाठ पाहावेत, म्हणजे साचा ध्यानी येतो. प्रथम एखादे निवांत घर, हसरे दांपत्य, खिडकीतून आलेले ऊन. पियानोचा एकच सूर, मध्ये बरेच अंतर ठेवून, पुन्हा पुन्हा वाजतो. मग कोणी तरी दुहेरी अर्थाचे एक वाक्य बोलते. एकाएकी पडदा काळा होतो आणि त्या काळोखात नुसता श्वास ऐकू येतो. नंतर पितळी वाद्यांचा खोल, घोगरा असा एक घणाघात होतो की, खुर्चीचे हात थरथरावेत. २०१० सालच्या 'इन्सेप्शन' ह्या चित्रपटाच्या ट्रेलरांनंतर तर ह्या गर्जनेची साथच पसरली. पुढे तंतुवाद्यांचा सूर खालून वर चढत जातो, घड्याळाची टिकटिक जलद होते, चित्रांचे तुकडे आखूड होत होत पापणी लवण्याइतके उरतात. आरसा, चाकू, किंचाळणारे तोंड, धावणारी पावले, आणि अगदी टोकास पोचल्यावर सारे शांत. चित्रपटाचे नाव झळकते. संपले असे वाटून आपण अंग सैल सोडतो न सोडतो तोच शेवटचा एक तडाखा बसतो. ह्यात अलीकडे एका जुन्या लोकप्रिय गाण्याची भर पडली आहे. ते संथ व केविलवाणे करून पार्श्वभागी लावावयाचे, की झाले काम.

ह्यातील कारागिरी आम्ही नाकारीत नाही. डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. आणि अकस्मात झालेल्या मोठ्या आवाजाने विचार जागा होण्यापूर्वीच शरीर दचकते. परंतु दचकणे आणि भिणे एक नव्हे. नाट्यशास्त्रात भय हा स्थायी भाव सांगितला असून 'त्रास' हा तेहेतीस व्यभिचारी भावांपैकी एक मानला आहे. वीज कडाडली, उल्का कोसळली, मेघ गर्जला म्हणजे अंग एकदम कापते, तो त्रास. मागचापुढचा विचार करून मनात जे घर करते ते भय, असा भेद उत्तरकालीन रसमीमांसकांनी स्पष्ट केलेला आहे. व्यभिचारी भाव हा रसाच्या घरचा चाकर. यावे, काम करावे आणि जावे. आजचा ट्रेलर ह्या चाकरासच गादीवर बसवितो. मराठीत 'त्रास' ह्या शब्दास पुढे जो अर्थ प्राप्त झाला, तोही अशा वेळी आम्हांस समर्पक वाटू लागतो!

ध्वनी आणि चित्रांची जोडणी ह्यांची सत्ता केवढी आहे, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी रॉबर्ट रायँग ह्या तरुण संकलकाने २००५ साली न्यूयॉर्कमध्ये केलेला एक खोडकर प्रयोग अवश्य पाहावा. स्टॅन्ली कूब्रिकच्या 'द शायनिंग' ह्या १९८० सालच्या चित्रपटात बर्फाने वेढलेल्या निर्जन हॉटेलात एक लेखक वेडाच्या भरात हाती कुऱ्हाड घेऊन स्वतःच्या बायकामुलांवर धावून जातो. रायँगने ह्याच चित्रपटातील दृश्ये घेतली, त्यांस एका गोड आवाजाच्या निवेदकाची आणि पीटर गेब्रिएलच्या एका उल्हसित गीताची जोड दिली, आणि बापलेकांच्या जिव्हाळ्याच्या कौटुंबिक चित्रपटाचा ट्रेलर तयार केला. तेच जॅक निकल्सनचे हास्य, पण आता ते वत्सल पित्याचे वाटते. चित्रास स्वतःचा असा भाव थोडाच असतो. शेजारचे चित्र आणि खालचा सूर त्यास तो उसना देतात. रशियात लेव्ह कुलेशॉव्हने शंभर वर्षांपूर्वी सिद्ध केलेले हे तत्त्व ह्या थट्टेतून जितके ठसते तितके आमच्या वर्गातील व्याख्यानांतून कधी ठसले नाही.

परंतु ह्याच चित्रपटाचा जो मूळ पहिला ट्रेलर आहे, त्याकडे आम्ही अधिक आदराने पाहतो. त्यात नट नाही, संवाद नाही, कथा नाही, चित्रांची जोडणी तर मुळीच नाही. कॅमेरा एकाच जागी खिळलेला. समोर हॉटेलातील लिफ्टची दोन तांबडी दारे, बाजूस खुर्च्या. खालून वर नावे सरकत जातात. बराच वेळ काहीही घडत नाही. डोळा अक्षरे वाचण्यात गुंतलेला असतो. इकडे कानात वेंडी कार्लोस व रेचेल एल्किंड ह्यांचे विद्युत्संगीत, भिंतीआड असंख्य किडे जागे व्हावेत तसे, घोंघावत वाढत जाते. शेवटी दार किंचित उघडते आणि रक्ताचा लोंढा अत्यंत संथ गतीने बाहेर पडतो. तो भिंतींवर चढतो, खुर्च्या वाहवीत आणतो आणि अखेर भिंगावर आदळून आपली दृष्टीच झाकून टाकतो. (लहानथोर सर्वांस दाखवावयाच्या ट्रेलरांत रक्त चालत नसे, तेव्हा हे गंजाचे पाणी आहे असे सांगून कूब्रिकने परीक्षकांची संमती मिळविली, अशी आख्यायिका आहे.)

येथे संगीत घटनेनंतर तडाखा देत नाही, ते घटनेच्या कितीतरी आधी भयास वाट करून देते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दार उघडते तेव्हा आपण दचकत नाही, कारण आपण केव्हाचेच भ्यालेलो असतो. शिवाय हा ट्रेलर पाहून कथेविषयी आपणांस काय कळते? काहीच नाही. चित्रपटात हे दृश्य प्रथम त्या घरातील लहान मुलाच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहते. म्हणजे कूब्रिकने एका मनाचा अंतर्भाग आपणांस उघडून दाखविला, पण ते कोणाचे मन, किंबहुना ते मन आहे, एवढेही कळू दिले नाही. गुपित न फोडता ते विकावयाचे कसे, ह्या प्रश्नाचे इतके निर्भेळ उत्तर आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

ह्याच्या उलट टोकास 'ब्लॅक स्वान' हा २०१० सालचा चित्रपट ठेवावा. चित्रपट उत्तम, नर्तिकेचे मन दुभंगत जाते ते डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीने आरशांच्या साहाय्याने फार सूक्ष्मपणे दाखविले आहे. पण ती आपल्या पाठीतून काळे पीस उपटून काढते, तो सारा उन्माद जेथे मूर्त होतो तो क्षण, ट्रेलरकर्त्याने जाहिरातीतच खर्चून टाकला. चित्रपटगृहात ते दृश्य येईपर्यंत आम्ही त्याचीच वाट पाहत बसलो होतो, आणि ते आले तेव्हा स्टेशनावर ओळखीचा मनुष्य भेटावा तसे वाटले. भय वाटावयास हवे होते.

'गॉन गर्ल' ह्या २०१४ सालच्या चित्रपटाचा ट्रेलर ह्याहून चतुर आहे. (ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद वगळावा, पुढचाही वगळल्यास बरे.) शार्ल अझ्नावूरने १९७४ साली गाजविलेले 'शी' हे प्रेमगीत येथे रिचर्ड बटलरच्या थकल्याभागल्या आवाजात ऐकू येते. वर ज्या साच्याची आम्ही निंदा केली त्यातलीच ही युक्ती, पण हिला प्रयोजन आहे: पतीने पत्नीविषयी गावे असे ते गीत, आणि चित्रांत तीच पत्नी बेपत्ता होऊन पतीवर संशय आलेला. प्रेमाचे शब्द पुराव्यासारखे वाटू लागतात. शेवटी पाण्याच्या तळाशी जात असलेला तिचा निष्प्राण देह दिसतो, आणि ती मेली अशी खूणगाठ बांधून प्रेक्षक उठतो. चित्रपटात मात्र ते चित्र तिच्याच कल्पनेतले आहे. ती जिवंत आहे, आणि आपण मेलो असे जगाने मानावे हाच तिचा डाव आहे. तेव्हा ट्रेलर जे खोटे सांगतो ते त्या नायिकेच्याच वतीने सांगतो. ह्यास आम्ही लबाडी म्हणणार नाही.

पण ह्या विद्येचा आद्य आचार्य आल्फ्रेड हिचकॉकच. १९६० सालच्या 'सायको'चा ट्रेलर सुमारे साडेसहा मिनिटांचा आहे, आणि त्यात हिचकॉक स्वतः सूत्रधार होऊन येतो. तरुणपणी आम्ही तो प्रथम पाहिला तेव्हा हा स्थूल गृहस्थ आपलीच जाहिरात करीत आहे असे वाटून तो आम्हांस उथळ वाटला होता. आज ते मत आम्ही मागे घेतो. एखाद्या ऐतिहासिक वाड्यातील वाटाड्याप्रमाणे तो आपणांस ते मोटेल आणि टेकडीवरील ते घर हिंडून दाखवितो. पाठीमागे हलकेफुलके, जवळजवळ विनोदी संगीत चालू असते. जिन्यापाशी थांबून येथे दुसरा खून कसा झाला, मनुष्य कसा गडगडत खाली गेला, हे तो हातवारे करून सांगू लागतो. भिंतीवरील एका चित्रास फार महत्त्व आहे असे म्हणतो, आणि ते काय हे न सांगताच पुढे चालू लागतो. वाक्य अर्धवट सोडावयाचे, मुद्रा किंचित वाकडी करावयाची, आणि दुसऱ्या दालनाकडे वळावयाचे, एवढीच त्याची सामग्री. काळा पडदा नाही, घणाघात नाही. गप्पिष्ट मनुष्य मध्येच गप्प झाला म्हणजे जी शांतता पडते, तीच काय ती येथे भय उत्पन्न करते.

पुन्हा असे पाहा की, तो सर्व काही सांगतो. दोन खून होतात, कोठे होतात, हे तो लपवीत नाही. त्या घरातील मुलाविषयी तो हळहळ व्यक्त करतो: अर्धवेड्या बाईच्या धाकात दिवस काढणाऱ्याचे दुसरे काय होणार! ती बाई जेथे निजत असे तो पलंगही तो दाखवितो. इतका मोकळेपणाने बोलणारा वाटाड्या आपणांस फसवील अशी शंका कोणास यावी? आणि चित्रपटाचे गुपित तर नेमके हेच की, ती बाई दहा वर्षांपूर्वीच मेलेली आहे.

शेवटी तो न्हाणीघरात शिरतो. आता येथे सारे धुऊनपुसून स्वच्छ केले आहे, अशी ग्वाही देतो, आणि स्नानाच्या जागेचा पडदा झटक्याने बाजूस ओढतो. किंचाळणाऱ्या स्त्रीचे तोंड समोर येते आणि बर्नर्ड हर्मनच्या व्हायोलिनांचा तो प्रसिद्ध चिरकता आक्रोश उठतो. साडेसहा मिनिटांत त्रास म्हणावा असा हा एवढा एकच क्षण. तोही भय पुरते मुरल्यावर, चाकराने धन्याच्या मागून यावे तसा आलेला. ते तोंड पाहून, कोण मारले जाणार हे तरी आपणांस कळले, अशी प्रेक्षकाची समजूत होते. परंतु चित्रपटात त्या न्हाणीघरात मरते ती जॅनेट ली. ट्रेलरमध्ये केसांचा टोप घालून पडद्याआड उभी आहे ती व्हेरा माइल्स. चित्रपटात व्हेरा माइल्स त्या मेलेल्या स्त्रीची बहीण आहे. तिला शोधण्यासाठी ती त्या घरात येते, आणि अखेरपर्यंत जिवंत राहते.