मराठी पानाची मांडणी आणि ब्राउझरांचे लहरी कारभार

स्टाइलशीट सगळ्या ब्राउझरांत सारखी चालत नाही, ही तक्रार स्टाइलशीटइतकीच जुनी आहे. होकोन व्हिउम ली यांनी १९९४मध्ये सर्नमध्ये असताना सीएसएस या स्टाइलशीटच्या भाषेचा प्रस्ताव मांडला, डिसेंबर १९९६मध्ये तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला. पण पुढच्याच वर्षीच्या नेटस्केप ४ने तिच्यातलं बरंचसं अर्धवट, चुकतमाकत मानलं. इंग्रजी साइटींचे त्यात समास हलले, रकाने एकमेकांवर चढले. मराठीची तर अक्षरंच गेली.

वाचकाच्या संगणकावर तेव्हा देवनागरी फॉन्ट असेलच याची खात्री नव्हती. तो पानासोबत पाठवण्याचा ‘फॉन्ट-फेस’ हा नियम १९९८च्या सीएसएस २मध्ये होता खरा, पण एक्स्प्लोररला फॉन्टची ईओटी फाइल लागे आणि नेटस्केपला पीएफआर. दोन्ही ठेवल्या नाहीत तर बातमीच्या जागी रोमन चिन्हांचा चिवडा. पुढे नेटस्केप ६ने पीएफआर सोडलं आणि सीएसएस २.१मधून तो नियमच वगळला गेला. सफारीने २००८मध्ये आणि फायरफॉक्सने २००९मध्ये त्याला परत आणलं. मधल्या काळात मराठी वेब तगली ती युनिकोडवर आणि र. कृ. जोशींच्या देखरेखीखाली घडलेल्या, विंडोज २०००सोबत आलेल्या मंगल या फॉन्टवर. मंगल पडद्यावर रुक्ष दिसतो म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता सगळे ब्राउझर एका पातळीवर आले, असं इंग्रजीत काम करणारे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मार्च २०१७मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत रकान्या-ओळींची मांडणी करणारं ग्रिड आलं. त्याच वर्षी आलेल्या जिओफोनमधलं कायओएस मात्र फायरफॉक्सच्या ४८व्या आवृत्तीच्या इंजिनावर बेतलेलं होतं, आणि ग्रिडला ५२वी आवृत्ती हवी. समजा, उरण तालुक्यातल्या द्रोणागिरी नोडसाठी सिडकोच्या घरांच्या सोडतीची माहिती देणारं पान करायचं असेल, तर वाचक नव्या आयफोनवाला असेल, तसा तिथल्या बंदराच्या रांगेत ट्रक उभा करून बसलेला, जुना फोन हाताळणारा चालकही असेल. सीएसएसचा मूळ गुण इथे कामी येतो. न कळलेली ओळ ब्राउझर मुकाट सोडून देतो आणि पुढे जातो. म्हणून आधी एकाखाली एक येणारा साधा मजकूर लिहावा, मग ‘सपोर्ट्स’ची अट घालून ग्रिड. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. झगमगीत पान आधी, जुन्या फोनची आठवण तक्रार आल्यावर.

खरी हलगर्जी अक्षरांबाबत आहे. इंग्रजी मथळ्यांना शोभतं म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींची उंची रोमन लिपीच्या मापाने ठेवतात, मग खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचं तर ‘स्त्री’तलं जोडाक्षर अख्खं धरायचं की नुसता ‘स्’, यावर ब्राउझरांचं एकमत राहिलेलं नाही; मी तो मोह टाळतो. राज्य शासनाने २००९च्या निर्णयात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं ठरवून दिली. फॉन्टमध्ये ती असली तरी पानावर भाषा मराठी असल्याची नोंद नसेल, तर पुष्कळदा हिंदी वळणंच उमटतात. तयार साचा उचलणाऱ्यांच्या पानांवर ही नोंद इंग्रजीचीच राहून जाते. यात ब्राउझरचा काय दोष?

फॉन्टांची टंचाई आता उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बलू फुकट मिळतात. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल जड होते. ती उतरेपर्यंत फोनमधला फॉन्ट दिसतो, मग अक्षरं बदलतात आणि वाचत असलेली ओळ हातातून निसटते. दोन्ही फॉन्टांची मापं जुळवणारा ‘साइझ-अ‍ॅडजस्ट’ क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२१ला आला, सफारीत २०२३ला. त्याचा आकडा मात्र देवनागरी मजकूर समोर ठेवूनच काढावा लागतो; रोमन अक्षरांवरून काढलेला इथे लागू पडत नाही.